वारशानें आलेली जुनी मोटार

वडिलार्जित मालमत्तेंत घर, जमीन, दागिने व भांडीं यांची गणना पूर्वीपासून होत आली आहे. गेल्या दोन पिढ्यांत शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या या यादींत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे आजोबांनीं किंवा वडिलांनीं हौसेनें घेतलेली, आणि त्यांच्या मागें अंगणांत अथवा पडवींत धूळ खात उभी राहिलेली मोटारगाडी. घर मोडकळीस आलें तर गवंड्याला बोलवावें हें सर्वांना कळतें. मोटारीच्या बाबतींत मात्र वारसाची स्थिति चमत्कारिक होते. तिच्यावर मन जडलेलें असतें, पण तिच्या पोटांत काय आहे हें ठाऊक नसतें. अशा वेळीं दोन प्रकारच्या चुका हमखास घडतात. एक तर, गाडी सुरू होत नाहीं एवढ्यावरूनच ती भंगारवाल्याच्या हवालीं केली जाते. किंवा नवी बॅटरी बसवून, किल्ली फिरवून, इंजिन धडधडूं लागतांच सगळ्या कुटुंबाला तिच्यांत बसवून गांवची वाट धरली जाते. पहिल्या चुकीनें एक चांगली वस्तु जाते. दुसरीनें माणसें जाऊं शकतात.

महाराष्ट्रांत अशी गाडी पुष्कळदां ‘प्रीमियर पद्मिनी’ असते. शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानें १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या ‘११००’ या नमुन्यावरून ती तयार होत असे. १९६४ सालापासून ती ‘डिलाइट’ म्हणून ओळखली जाई. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. आणि विसावें शतक संपतां संपतां तिची निर्मिति थांबली. लोक तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर, आणि एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर. कार्बुरेटरवर चालणाऱ्या या गाडींत गणकयंत्र नाहीं. त्यामुळें तिचें दुखणें ओळखावयास फारशीं उपकरणें लागत नाहींत. डोळे, कान, नाक, एक व्होल्टमापक आणि पुष्कळशी सबुरी एवढें पुरतें. पुढील विवेचन या गाडीस धरून केलें असलें, तरी त्याच काळांतील इतर गाड्यांनाही तें बहुतांशीं लागू पडेल.

पान्याला हात घालण्यापूर्वीं कागद पाहावेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें मालक मृत्यु पावल्यास वारसानें ३० दिवसांच्या आंत नोंदणी-कार्यालयास तसें कळवावयाचें असतें, आणि ३ महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं अर्ज करावयाचा असतो. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षें टिकते. त्यानंतर दर ५ वर्षांनीं गाडी तपासून घेऊन नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. नोंदणी व विमा यांपैकीं एकही शाबूत नसेल, तर दुरुस्त झालेली गाडीसुद्धां रस्त्यावर आणतां येत नाहीं. हजारों रुपये दुरुस्तींत घातल्यावर कागदांची अडचण उघडकीस यावी, यापरतें दुःख नाहीं.

कागदांनंतर गाडी. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या गाडीची किल्ली एकदम फिरवूं नये. सिलिंडरच्या आंतील बाजूस तेलाचा थर उरलेला नसतो. कदाचित् बारीक गंजही धरलेला असतो. अशा स्थितींत दट्ट्या जोरानें हलला, तर त्याच्या कड्या मोडतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. म्हणून प्रथम चारही प्लग काढून प्रत्येक भोकांत थोडें स्वच्छ इंजिन-तेल सोडावें आणि एक रात्र तसेंच राहूं द्यावें. दुसरे दिवशीं गिअर मोकळा ठेवून इंजिन हातानें सावकाश फिरवून पाहावें. तें फिरलें तर अर्धी चिंता मिटली. न फिरलें तर जोर करूं नये. आणखी तेल घालून थांबावें. मधल्या काळांत उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय, हवेच्या गाळणींत घरटें केलें आहे काय, गाडीखालीं तेलाचा अथवा पाण्याचा डाग आहे काय, हें पाहून घ्यावें. जुनें तेल काढून नवें भरावें. काढलेल्या तेलाचा रंग दुधासारखा असेल तर त्यांत पाणी मिसळलें आहे असें समजावें, व त्याचें कारण सांपडेपर्यंत इंजिन सुरू करूं नये.

आतां निदानाचें मूळ तत्त्व. पेट्रोलचें इंजिन चालण्यासाठीं तीन गोष्टी लागतात. हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण सिलिंडरमध्यें पोंचलें पाहिजे. तें मिश्रण नीट दाबलें गेलें पाहिजे. आणि नेमक्या क्षणीं ठिणगी पडली पाहिजे. इंजिनाचें बहुतेक प्रत्येक दुखणें या तिहींपैकीं एकांत कोठें तरी असतें. जाणता मिस्त्री प्रथम तिहींपैकीं कोणती गोष्ट उणी आहे हें ठरवितो, आणि मग तेवढ्याच वाटेनें मागें मागें जातो. अडाणी मिस्त्री एकदम कार्बुरेटर खोलतो, पॉइंट बदलतो, कॉइल बदलतो. गाडी सुरू झाली तरी कशानें झाली हें त्याला कळत नाहीं. आणि पुन्हां बंद पडली म्हणजे पुन्हां सगळें बदलावें लागतें. म्हणून एका वेळीं एकच फेरफार करावा, त्याचा परिणाम पाहावा, आणि तो वहींत टिपून ठेवावा. दोन रुपयांची वही कित्येकदां दोन हजारांचा भाग वांचविते.

प्रारंभ विजेपासून करावा, कारण ती मोजतां येते. बारा व्होल्टची बॅटरी पुरी भरलेली व विसावलेली असतां १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे सुमारें निम्मी. १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. स्टार्टर फिरत असतांना आंकडा ९.६ च्या खालीं घसरला तर बॅटरी थकली आहे असें धरावें. पण आंकडा चांगला असून स्टार्टर केवळ ‘टक्’ असा आवाज करीत असेल, तर बॅटरी बदलण्याची घाई करूं नये. बॅटरीचीं टोकें आणि तिच्यापासून गाडीच्या सांगाड्याकडे जाणारी जाड पट्टी सोडवून पाहावी. तेथें पांढरा-हिरवा क्षार सांचलेला असतो, आणि तोच वाट अडवितो. कागदानें घांसून, पक्कें आवळून, वर थोडें व्हॅसलीन लावलें कीं पुष्कळ ‘मेलेले’ स्टार्टर जिवंत होतात. इंजिन चालू असतां, थोडा वेग दिल्यावर, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास डायनॅमो अथवा आल्टर्नेटर, त्याचा पट्टा व नियामक यांकडे वळावें.

ठिणगीची परीक्षा सोपी आहे, पण ती पेट्रोलच्या वाफेपासून दूर राहून करावी. काढलेला प्लग त्याच्या तारेला लावून, इन्सुलेशनच्या चिमट्यानें धरून, इंजिनाच्या धातूला टेंकवावा आणि दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावा. निळसर, चटका बसल्यासारखा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, मलूल ठिणगी दुबळी. ठिणगी दुबळी असेल तर प्रथम डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट पाहावेत. पॉइंटची फट सुमारें अर्धा मिलिमीटर असते. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेवरून घ्यावा. पॉइंट जळून खड्डे पडले असतील, तर कंडेन्सरही संशयित समजावा. प्लगचा रंग हा तर इंजिनाचा जबाबच होय. फिकट तपकिरी रंग म्हणजे सर्व ठीक; कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; ओलसर, चिकट काळेपणा म्हणजे सिलिंडरमध्यें तेल चढतें आहे; आणि पांढुरका, भाजल्यासारखा रंग म्हणजे पेट्रोल कमी अथवा उष्णता जास्त.

इंधनाच्या बाबतींत काळ बदलला आहे हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. ही गाडी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळांत आंखली गेली. शिसेयुक्त पेट्रोल भारतांत २००० सालीं बंद झालें. आतां मिळणाऱ्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलचे तीन परिणाम जुन्या गाडीवर होतात. पहिला, जुन्या जातीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व वॉशर फुगतात, चिरतात किंवा विरघळूं लागतात. दुसरा, तें हवेंतील ओलावा ओढून घेतें; गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशीं बसून गंज धरतो. तिसरा, आकारमानाच्या मानानें त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच असते. म्हणून मिश्रण किंचित् विरळ पडतें. यावर उपाय असे. जुनें, वार्निशासारखा वास येणारें पेट्रोल सगळें काढून टाकावें. टाकी धुऊन तिच्यांतील गंज पाहावा. नळ्या व पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालावेत. नळींत एक स्वच्छ गाळणी बसवावी. आणि गाडी पंधरवड्यांतून एकदां तरी फिरवावी. नळी फुटून तप्त इंजिनावर पेट्रोल सांडणें हें जुन्या गाड्या पेटण्याचें एक मोठें कारण आहे. पंचवीस वर्षांची नळी बाहेरून शाबूत दिसली तरी ती बदलावीच.

दाबाची परीक्षा मिस्त्रीकडून करून घ्यावी; ती थोड्या वेळांत होते आणि इंजिन खोलावें कीं नाहीं हा मोठा खर्चाचा प्रश्न सोडविते. चारही सिलिंडरांचे आंकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखाद्याचा आंकडा कमी आल्यास त्यांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावें. आंकडा वर चढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. न चढला तर झडपांत दोष आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आंकडे सारखेच पडलेले असतील, तर त्यांच्यामधील हेड-गास्केट जळलें असण्याचा संभव अधिक. धूरही तेंच सांगतो. निळा धूर तेलाचा, काळा धूर जादा पेट्रोलचा. थंड सकाळीं पहिल्या दोन मिनिटांचा पांढरा धूर केवळ वाफेचा. पण इंजिन तापल्यावरही तो थांबेना, आणि रेडिएटरांतील पाणी घटूं लागलें, तर पाणी सिलिंडरांत शिरत आहे असें समजावें.

या तत्त्वाचा उपयोग कसा करावयाचा हें एका नेहमींच्या तक्रारीवरून स्पष्ट होईल. समजा, गाडी सकाळीं झटकन् सुरू होते, वीस मिनिटें सुरेख चालते, आणि मग भर रहदारींत आचके देऊन बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली कीं जणुं कांहीं झालेंच नाहीं अशी पुन्हां चालूं लागते. येथें दाब दोषी नव्हे. तो अर्ध्या तासानें आपोआप बरा होत नाहीं. उरलीं दोन, ठिणगी व पेट्रोल. गाडी बंद पडल्याबरोबर, थंड होण्यापूर्वींच, ठिणगी पाहावी. कारण थंड झालेल्या गाडींत दोष सांपडत नाहीं, आणि मिस्त्रीकडे पोंचेपर्यंत ती शहाणी झालेली असते. ठिणगी नसेल तर तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर यांपैकीं एक दोषी. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलच्या टाकीचें झांकण उघडावें. हवा आंत शिरल्याचा ‘सुस्स्’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झांकणाचें अथवा टाकीचें हवेचें छिद्र बुजलें आहे. पेट्रोल जसें उपसलें जातें तशी टाकींत पोकळी होऊन पंप हतबल होतो. सुई व फुंकर एवढ्यावर हा रोग बरा होतो. तसें नसेल, तर पंपावर ओलें फडकें ठेवून पाहावें. त्यानें गाडी सुरू झाल्यास नळींत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडत आहे. तेव्हां नळी तप्त भागापासून दूर न्यावी, आणि इंजिन मुळांतच फाजील तापत नाहीं ना, हें पाहावें. याच तक्रारीवर कित्येकांनीं नवा कार्बुरेटर घेतला आहे, आणि वीस मिनिटांनीं गाडी पुन्हां तेथेंच उभी राहिली आहे.

इंजिन तापण्याचीं कारणें साधीं असतात. रेडिएटरच्या आंत क्षार व बाहेर धूळ, ढिला पंख्याचा पट्टा, बंद अवस्थेंत अडकलेला थर्मोस्टॅट, किंवा ठिणगीची वेळ चुकलेली असणें. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची युक्ति पुष्कळ ठिकाणीं चालते, पण ती चांगली नव्हे. तिनें इंजिन थंडच चालतें आणि झीज वाढते. साध्या पाण्याऐवजीं गंजरोधक मिसळलेलें शीतक वापरावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील उकळतें पाणी क्षणांत तोंडावर उसळतें.

येथवर गाडी चालण्याचा विचार झाला. पण गाडी चालण्यापेक्षां ती थांबणें अधिक महत्त्वाचें, आणि वारस नेमकें हेंच विसरतो. इंजिन बिघडलें तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाहीं. ब्रेकचें द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट-३’ जातीचें ताजें द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं. पण त्यांत शेंकडा चारच्या आसपास पाणी मुरलें कीं हा आंकडा १४० पर्यंत उतरूं शकतो. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, द्रवाची वाफ होते, आणि पायाखालचें पेडल फळीपर्यंत जातें. पुष्कळ जुन्या गाड्यांत चारही चाकांस एकाच नळीची व्यवस्था असल्यानें एका ठिकाणची गळती सर्व ब्रेक घालवूं शकते. म्हणून गाडी अंगणाबाहेर काढण्यापूर्वीं चारही ड्रम उघडावेत, चाकांजवळच्या सिलिंडरांतील रबरी वाट्या व लवचीक नळ्या नव्या घालाव्यात, आणि द्रव संपूर्ण बदलावें. ड्रममधील धूळ फुंकून उडवूं नये. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, आणि तें फुप्फुसास घातक आहे. ती धूळ ओल्या फडक्यानें पुसावी.

टायरवर कोरलेल्या चार आंकड्यांत त्याचा जन्म असतो. ‘०७१४’ म्हणजे २०१४ सालचा सातवा आठवडा. दहा वर्षांपेक्षां जुना टायर, त्याची नक्षी नवी दिसत असली तरी, टाकून द्यावा. स्टिअरिंगमधील ढिलाई व पुढील चाकांचे सांधे चाक उचलून, हलवून पाहावेत. गाडी उचलतांना केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही तिच्याखालीं शिरूं नये. भक्कम टेंके लावावेत. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो माणसाला निजवूनच मारतो.

शेवटची तपासणी पत्र्याची. कोंकण व मुंबईच्या खाऱ्या हवेंत गंज हाच या गाड्यांचा खरा वैरी ठरतो. पायदानाखालचा भाग, दारांखालच्या पट्ट्या, आणि मागचे स्प्रिंग जेथें अडकविले आहेत त्या जागा लोहचुंबक लावून पाहाव्यात; जेथें तो चिकटत नाहीं तेथें पत्र्याऐवजीं लांबी भरलेली असते. इंजिन पुन्हां बांधतां येतें, तारा नव्या ओढतां येतात. पण ज्या जागांवर चाकांचा भार पडतो त्याच कुजल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च व धोका दोन्ही हाताबाहेर जातात. गाडी ठेवावी कीं नाहीं, याचा निर्णय म्हणून इंजिनाच्या आवाजावर न करतां तिच्या पोटाखालीं बॅटरी धरून करावा.

मिस्त्री शोधण्याचें काम दिवसेंदिवस अवघड होत आहे. मुंबईच्या टॅक्सींमुळें या गाडीचे जाणकार एके काळीं नाक्यानाक्यावर होते. २००३ सालीं नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें भरली, आणि त्या टॅक्सीबरोबर त्या जाणकारांचा रोजचा धंदाही संपला. तरी ते अद्याप आहेत. कुर्ल्याच्या व चोरबाजाराच्या दुकानांतून सुट्या भागांची चौकशी केली कीं बहुधा त्यांचाही पत्ता लागतो. मिस्त्रीला ‘कार्बुरेटर बदला’ असें सांगूं नये. केव्हां, किती वेळानें, किती तापल्यावर काय होतें, एवढेंच सांगावें. उपाय त्याला ठरवूं द्यावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, आणि त्यावर काय झिजलें आहे हें त्याच्याकडूनच समजावून घ्यावें. चांगला मिस्त्री या मागणीनें रागावत नाहीं, उलट खुलतो.

खर्चाचा क्रम असा ठेवावा. प्रथम ब्रेक, टायर व स्टिअरिंग, नंतर इंधनाच्या नळ्या व तारा, मग थंड करण्याची व्यवस्था, त्यानंतर इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटीं. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो. गाडी प्रथम रंगविली जाते, कारण आजोबांच्या वेळीं ती कशी दिसे हें सर्वांना आठवत असतें. परंतु ज्यांनीं ती गाडी वीस-पंचवीस वर्षें चालविली, त्यांनीं दर रविवारीं सकाळीं तेल पाहिलें, पाणी पाहिलें, चाकांतील हवा पाहिली; म्हणून ती वारसापर्यंत पोंचली. पेटींत त्यांची एखादी जुनी टिपणवही सांपडली तर ती जपून ठेवावी. शेवटचें तेल केव्हां बदललें, कोणती झडप केव्हां घांसली, हें तींत लिहिलेलें असतें, आणि कोणत्याही पुस्तिकेपेक्षां तें त्या एका गाडीविषयीं अधिक सांगतें. नसेल तर नवी वही घालावी, आणि पहिल्या पानावर आजची तारीख व मैलांचा आंकडा लिहून कामास लागावें.